पहिली मॅरेथॉन, मदतनिधी आणि पणजीतील वीस आठवड्यांचा प्रशिक्षणवर्ग

१९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत मी माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, धावून पूर्ण केली. प्रशिक्षण सुरू होण्याआधी मी एका दमात दहा किलोमीटरपेक्षा जास्त कधीच धावले नव्हते. ही मजल मला पणजीतील ज्या प्रशिक्षणवर्गामुळे गाठता आली, त्या वर्गाविषयी हा अभिप्राय आहे. दृष्टिहीन मुलांच्या शिक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरिता निधी उभारण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनाच या वर्गात प्रवेश मिळतो. वर्ग मिरामार किनाऱ्यालगत आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला भरतो. शुल्क सहा हजार रुपये असून ते मदतनिधीत धरले जात नाही. पहिल्याच दिवशी हे स्वच्छ शब्दांत सांगितले गेले, त्यामुळे माझा विश्वास बसला.

वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तिथे हळू धावायला शिकवतात. वाचायला हे सोपे वाटते, परंतु नवख्या माणसाला पहिले दोन महिने तेच जमत नाही, कारण शेजारचा पुढे गेला की आपलेही पाय नकळत उचलतात. आमच्या प्रशिक्षकांची कसोटी अशी होती की लांब पल्ल्याच्या धावेत केव्हाही एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणता आला पाहिजे. दम लागून पाढा मध्येच तुटला, तर वेग कमी करायचा. त्यामागचे कारणही त्यांनी नीट समजावून दिले. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातील साखरेचा साठा, साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते, वेग जितका जास्त तितके ते लवकर संपते, आणि संथ धावताना शरीर चरबीचाही मोठा वाटा इंधन म्हणून वापरते. तीस किलोमीटरनंतर पाय अचानक शिशासारखे जड का होतात, हे आधीच ठाऊक असल्यामुळे मुंबईत तो क्षण आला तेव्हा मी घाबरले नाही. सरावातील सर्वांत लांब धाव तीस किलोमीटरची होती आणि शेवटचे तीन आठवडे अंतर मुद्दाम कमी करत नेले होते. त्या दिवसांत मला सारखे वाटे की केलेला सराव वाया जातो आहे, पण प्रशिक्षकांनी एक किलोमीटरही वाढवू दिला नाही आणि त्यांचेच बरोबर ठरले.

रविवारच्या लांब धावेसाठी पणजीच्या पाटो भागातून रायबंदरकडे जाणारा बांध निवडला होता. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला सुमारे तीन किलोमीटरचा हा रस्ता अगदी सपाट आहे, दोन्ही बाजूंना खारफुटी आणि मिठागरे आहेत, आणि पहाटे तिथे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलीचा भोंपू आणि आपल्याच पावलांचा आवाज एवढेच ऐकू येते. धाव संपत आली की थकल्या पायांनी आल्तिनो टेकडीची चढण चढावी लागे. मुंबईच्या मार्गात पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या आसपास, नेमका अंगात त्राण उरलेले नसताना येतो, म्हणून ही योजना होती.

मात्र याच मार्गाच्या बाबतीत वर्गाची मोठी चूक झाली. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचा दर्शनसोहळा जुन्या गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होणार, हे कितीतरी आधीपासून सर्वांना ठाऊक होते. तरीही पहिले दोन रविवार आम्हाला रायबंदरमार्गे जुन्या गोव्याच्या दिशेनेच पाठवण्यात आले. यात्रेकरूंच्या बसगाड्या आणि रस्त्याच्या कडेने चालत निघालेले भाविक यांच्यामधून वाट काढताना आमच्या गटातील एका ताईंचा पाय गटाराच्या कडेवरून मुरगळला आणि त्यांची शर्यत तिथेच संपली. त्यानंतर सराव मिरामार ते दोनापावला या रस्त्यावर फेऱ्या मारून होऊ लागला; हा बदल आधीच करता आला असता. तीन महिने मन लावून मेहनत केलेल्या त्या ताईंकडे पाहताना मला फार वाईट वाटले, आणि आजही वाटते.

खाण्यापिण्याचे मार्गदर्शनही अपुरे होते. ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पहाटेसुद्धा अंगातून घामाच्या धारा लागतात, तरी नुसते पाणी भरपूर पिणे धोक्याचे असते, त्यामुळे रक्तातील सोडियम घटू शकते, हे सातव्या आठवड्यापर्यंत कोणी सांगितले नव्हते. एका रविवारी चोवीस किलोमीटर धावून मी बांधावरच बसले होते. गालांवर मिठाचे पांढरे पापुद्रे धरले होते आणि बोटे सुजून अंगठी निघत नव्हती. तेव्हा प्रशिक्षकांनी स्टीलच्या डब्यातून मीठ लावलेले उकडलेले बटाटे काढून हातावर ठेवले. त्यानंतर मी बाटलीत मीठ घातलेले कोकमाचे पाणी नेऊ लागले आणि धावून आल्यावर लोणच्यासोबत पेज घेऊ लागले. पोटाला सवयीचे असल्यामुळे ते मला धावपटूंसाठी बाजारात मिळणाऱ्या गोड एनर्जी जेलपेक्षा अधिक मानवले.

निधिसंकलनाच्या बाबतीत मात्र हा वर्ग फार काटेकोर आहे, आणि माझ्या मते खरी तारीफ त्याचीच करायला हवी. दात्याचा पैसा वर्गाच्या खात्यातून जात नाही. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ च्या कलम ८०जी (देणगीवरील करसवलतीचे कलम) खाली वजावट मिळत नव्हती, नव्या करप्रणालीत असलेल्यांना ती मुळातच नव्हती, आणि आपण लोकांकडून रोख घेऊन स्वतःच्या खात्यातून भरली तर पावती आपल्या नावाने निघते, या गोष्टी आमच्याकडून अक्षरशः पाठ करून घेतल्या गेल्या. डिचोलीच्या माझ्या मावशीने पाचशेच्या सहा नोटा रुमालात गुंडाळून दिल्या होत्या. वर्गातील स्वयंसेविकेने त्या परत करायला लावल्या आणि धनादेश आणायला सांगितले. हात कापत असल्यामुळे मावशीच्या दोन सह्या जुळल्या नाहीत, तिसरी जुळली. मला तेव्हा हा अतिरेक वाटला होता, पण मेमध्ये मावशीच्या नावाचे देणगी प्रमाणपत्र आले तेव्हा त्या स्वयंसेविकेचे म्हणणे पटले. इतक्या काळजीने चालणाऱ्या कामात देणगीचा अर्ज आणि माहितीपत्रक केवळ इंग्रजीत असावे, हे मला खटकले. डिचोली, सत्तरी, पेडण्याच्या घरांतून मराठी वाचणारी ज्येष्ठ मंडळी हौसेने मदत करतात. त्यांच्यासाठी दोन पाने मराठीत छापणे अवघड नाही. मी तसे लेखी कळवले आहे.

शर्यतीच्या दिवशी वर्गाचे दोन जण मुंबईत हजर होते. सागरी सेतूवर वारा समोरून येत असताना मी मनातल्या मनात पाढाच म्हणत होते. पेडर रोडचा चढ मी अर्धा चालत आणि अर्धा धावत चढले, आणि सहा तासांच्या आत पोहोचले.

पणजी, ताळगाव, पर्वरी या भागात राहणाऱ्यांना हा वर्ग मी मनापासून सुचवीन. फोंडा किंवा काणकोणहून येणाऱ्यांसाठी आठवड्यातून तीन वेळा पहाटेचा प्रवास झोपेच्या मुळावर येतो. मी स्वतः फोंड्याहून येत असे आणि वर्गाच्या दिवशी साडेतीनला उठत असे. ज्यांचे गुडघे किंवा हृदय यांच्याविषयी काही तक्रार असेल, त्यांनी वैद्यकीय तपासणी आपली आपण आधीच करून घ्यावी, कारण वर्ग ती मागत नाही. प्रवेश घेताना रविवारचे मार्ग लेखी मागून घ्यावेत आणि त्या काळात त्या वाटेवर जत्रा, फेस्त (चर्चचा उत्सव) किंवा रस्त्याचे काम आहे का, हे प्रशिक्षकांना स्पष्ट विचारावे.