आतड्याचा कर्करोग: केमो की पेप्टाइड?

‘केमो नको, पेप्टाइड चालेल का?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कुठलं पेप्टाइड? अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. इन्सुलिनसुद्धा त्यातच मोडतं. नुसत्या नावावरून काहीच ठरत नाही.

आधी केमो. रोग लसिका ग्रंथींपर्यंत पोचला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिने ऑक्सॅलिप्लाटिन असलेली केमो देतात. त्याने रोग उलटण्याची शक्यता कमी होते, हे हजारो रुग्णांवर तपासून झालंय. त्रासही खराच आहे: थंड पाण्याचा पेला उचलला तरी बोटांत सुया टोचतात, आणि पायांचा बधिरपणा काहींना वर्षानुवर्षं पुरतो.

पेप्टाइडमध्ये मला सर्वांत आशेची वाटते ती केआरएएस जनुकातल्या बिघाडावरची लस, ईएलआय-002. तिच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल 2024 मध्ये आले. रुग्ण 25, त्यातले आतड्याचे फक्त 5, बाकीचे स्वादुपिंडाचे. 21 जणांच्या टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, त्या बिघाडाविरुद्ध जाग्या झाल्या. छान आहे, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि ही लस नेहमीचे उपचार उरकल्यावर दिलेली होती, त्यांच्याऐवजी नव्हे. चाचणीत जागा मिळाली तर जरूर विचार करा.

ल्युटेशियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेल्या पेप्टाइडची बातमीही नातेवाईक हमखास पाठवतात. त्याला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली, पण न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींतून उठणाऱ्या, गाठींसाठी. बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ (आतड्याच्या कर्करोगाचा नेहमीचा प्रकार) लिहिलंय ना? मग ते तुमच्यासाठी नाही.

राहिल्या ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल लावून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या पेप्टाइडच्या कुप्या. त्यातलं बीपीसी-157 ‘आतडं भरून काढतं’ म्हणून खपतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करताना दिसलंय. आणि पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगात केमोसोबत दिलं जाणारं बेव्हासिझुमॅब? ते नेमक्या त्याच रक्तवाहिन्या रोखायला देतात. एका हाताने नळ बंद करायचा, दुसऱ्याने सोडायचा! माझं मत विचाराल तर ही कुपी घरात आणूच नका.

केमो टाळायचीच असेल तर विचारायची गोष्ट वेगळीच आहे: गाठीची एमएसआय तपासणी, म्हणजे तिच्या पेशींत डीएनएमधल्या चुकांची दुरुस्ती बिघडली आहे का ते पाहणारी, झाली का? पसरलेल्या रोगात ती ‘हाय’ येणारे थोडेच, शंभरात चार-पाच. पण त्यांच्यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीचं औषध केमोआधीच देता येतं. 307 रुग्णांच्या चाचणीत त्याने रोग मध्यकाने (निम्म्या रुग्णांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) 16.5 महिने आवरून धरला, केमोने 8.2. हे पेप्टाइड नाही, अँटिबॉडी आहे. असेना का!

कुपी आधीच सुरू केली असेल तर लपवू नका. लेबलचा फोटो काढून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा, विशेषतः बेव्हासिझुमॅब चालू असेल तर.