घटस्फोटाची जुनी केस शोधायला ई-कोर्ट्स ॲप
ताईला पासपोर्टवरून नवऱ्याचं नाव काढायचं होतं, त्यासाठी डिक्रीची, म्हणजे घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याची कॉपी हवी आणि केस नंबर कुणालाच आठवेना. ॲपवर जिल्हा, कोर्ट, नाव आणि वर्ष टाकलं तर केस लगेच सापडली, 16 अक्षर-आकड्यांच्या सीएनआर नंबरसकट (हा प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक), तेही फुकटात! नावाची पहिली तीन-चार अक्षरंच टाका, स्पेलिंग कोर्टात वेगळं लिहिलेलं असू शकतं. ऑर्डरची पीडीएफ मात्र दिसेलच असं नाही, आणि ते बरंच आहे, घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला. सर्टिफाइड कॉपीसाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. आणि हे नक्की लक्षात ठेवा, हिंदू विवाह कायदा कलम 23(4) प्रमाणे घटस्फोटाच्या डिक्रीची एक प्रत दोघांनाही कोर्टाने मोफत द्यायची असते, ती मिळाली नसेल तर हक्काने मागा.