कोबोटूलबॉक्स: संस्थेच्या कामाने फरक पडतोय का हे बघायचं असेल तर वापरून बघाच

संस्थेत मॉनिटरिंगचं काम बघणाऱ्यांसाठी लिहितेय. किती ट्रेनिंग झाली, किती लोक आले हे आकडे सगळ्यांकडेच असतात, पण ट्रेनिंगनंतर त्या माणसाचं नेमकं काय बदललं असं कुणी विचारलं की जुन्या फाइली उघडायची धावपळ सुरू होते आणि तोवर प्रोजेक्ट संपत आलेला असतो. कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये सर्व्हेचे फॉर्म बनवून भरायचं टूल, मला ते आवडलं ह्यासाठीच, सकाळी भरलेला फॉर्म नेट मिळालं की लगेच टेबलमध्ये दिसतो, त्यामुळे काम चालू असतानाच काय बिघडतंय ते कळतं.

हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमधून आलेलं हे ओपन सोर्स टूल, आता त्याची स्वतःची ना-नफा संस्था आहे. ना-नफा कामासाठी फुकट प्लॅन मिळतो, पण महिन्याला किती नोंदी आणि फाइल्सना एकूण किती जागा ह्याला मर्यादा आहे, मोठ्या सर्व्हेआधी ती बघून घ्या. अँड्रॉइडवर कोबोकलेक्ट ॲप, बाकीच्यांना ब्राउझरमधला वेब फॉर्म, आणि दोन्ही ऑफलाइन चालतात (वेब फॉर्म आधी एकदा नेट असताना उघडून ठेवायचा).

खरी मजा स्किप लॉजिकची, म्हणजे आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न दाखवायचा की लपवायचा हे ठरवण्याची. समजा क्लास अर्ध्यात सोडणाऱ्यांचा फॉर्म आहे. "सोडला का" ला हो म्हटलं तरच कारण विचारलं जातं, कारण "वेळ जमत नाही" असेल तरच कुठली वेळ जमेल हा प्रश्न उघडतो, बाकीच्यांना तो दिसतच नाही. आता वेळेचंच कारण पुन्हापुन्हा येतंय असं दिसलं तर बॅचची वेळ बदला, काही आठवड्यांनी तोच प्रश्न तसाच परत विचारा आणि गळती कमी झाली का बघा. शब्द मात्र बदलू नका, नाहीतर तुलनाच होत नाही. प्रत्येक नोंदीला मंजूर, नामंजूर किंवा होल्ड असा शेरा देता येतो, सुपरवायझरने रोज थोडा वेळ ह्यावर घालवला तर डेटा खूप सुधारतो.

पण टूल आणलं म्हणजे इम्पॅक्ट मोजला असं प्लीज समजू नका. समजा बेसलाइनला (काम सुरू होण्याआधीच्या सर्व्हेत) 40 टक्के लोकांनी हो म्हटलं आणि एंडलाइनला (काम संपतानाच्या सर्व्हेत) 60 टक्के, तर मधले 20 पॉइंट आपल्याच कामामुळे वाढले हे कुठलंच ॲप सांगणार नाही, त्यासाठी आपलं काम न पोचलेला तसाच एखादा गट तुलनेला लागतो. आणि सेवा देणाऱ्याच कार्यकर्त्याने "सेवा आवडली का" विचारलं तर लोक संकोचाने हो म्हणणारच ना! मुलाखत घेणारा माणूस वेगळा ठेवा.

बेसलाइनपासूनच प्रत्येकाला एक कोड द्या, नावावरून नोंदी जुळवणं फार त्रासाचं, स्पेलिंग दरवेळी वेगळं पडतं. तयार रिपोर्टमधले चार्ट साधेच आहेत, पटकन नजर टाकायला पुरतात. घरातल्या प्रत्येक सदस्याची माहिती रिपीट ग्रुपमध्ये (एकाच फॉर्ममध्ये तेच प्रश्न प्रत्येकासाठी परत येतात तो भाग) घेतली तर एक्सेलमध्ये ती वेगळ्या शीटवर येते आणि इंडेक्स नंबरवरून मूळ नोंदीला जोडावी लागते, टीममध्ये हे जमणारं कुणी नसेल तर पहिल्या फॉर्ममध्ये रिपीट ग्रुप घेऊच नका.