१९३० हेल्पलाइन आणि सायबर पोर्टल: ‘कम्प्युटर सपोर्ट’वाल्याने लुटल्यावर कितपत कामाला येतात?

कम्प्युटर दुरुस्त करून देतो म्हणून फोनवर बोलणाऱ्याने खात्यातून पैसे उचलले, तर लगेच १९३० हा सरकारी सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा. पण ही सेवा काय करते आणि काय करत नाही, हे आधीच माहीत असलं तरच तिचा पुरता फायदा होतो. १९३० गेलेल्या पैशांच्या मागे लागते. चोर ज्या कम्प्युटरमधून आत आला, तो मात्र तसाच उघडा राहतो. पैसे थांबवण्याच्या कामाला आम्ही पाचपैकी चार गुण देतो, पोर्टलच्या फॉर्मला अडीच, आणि तक्रारीनंतरच्या पाठपुराव्याला दोन.

‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय’ असा आपणहून आलेला फोन आता बरेच जण ओळखतात. खरा धोका त्याच्या उलट आहे: माणूस स्वतःच खोट्या नंबरवर फोन लावतो. पीकविम्याचे अर्ज भरायची मुदत संपत आलेली असते, आपले सरकार सेवा केंद्रासमोर रांग असते आणि नेमका प्रिंटर अडतो, नाहीतर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे ते मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, बंद पडते. ऑपरेटर घाईघाईने गूगलवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असं टाकतो. वर जाहिरातीतला नंबर दिसतो, तोच तो लावतो. काही ठिकाणी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेण्याची हुबेहूब खोटी वेबसाइट असते. पट्टी ऐंशी टक्क्यांपर्यंत सरकते, मग ‘इन्स्टॉलेशन फेल’ अशी लाल खिडकी उघडते आणि खाली ‘मदतीसाठी’ नंबर. तिथे मुळात काहीही इन्स्टॉल होत नसतं, ते नुसतं चित्र असतं. अँटिव्हायरसचं नूतनीकरण आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर या दोन्हींच्या नावाने हेच चालतं, त्यामुळे मोंढ्यातल्या अडत दुकानांनीही हे नीट समजून घ्यावं.

फोन लागला की समोरचा आधी विश्वास बसवतो. विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडायला लावतो आणि लाल-पिवळ्या खुणांच्या नोंदी मोजायला सांगतो. अशा शेकडो नोंदी कुठल्याही धडधाकट कम्प्युटरमध्ये असतात. प्रिंटर बंद होता, एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, एवढ्यानेही नोंद पडते. आपल्याकडे तर यूपीएस नसलेल्या मशीनवर लाईट अचानक गेली की पुढच्या वेळी ‘कर्नल-पॉवर’ नावाची, ४१ क्रमांकाची नोंद ‘क्रिटिकल’ म्हणून उमटते. उन्हाळ्यात लोडशेडिंग सोसलेल्या दुकानात अशा नोंदींची रांगच सापडेल. तिचा व्हायरसशी काही संबंध नाही. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढंच ती सांगते.

दुसरा खेळ काळ्या कमांड खिडकीत होतो. ‘असोक’ (assoc) ही कमांड टाकायला सांगतात. तिने फाइलींच्या प्रकारांची यादी उघडते. यादीच्या शेवटाकडे ‘सीएलएसआयडी’ आणि ८८८ ने सुरू होणारा लांबलचक आकडा येतो. समोरचा तो आकडा आधीच वाचून दाखवतो आणि म्हणतो, ‘हा तुमच्या मशीनचा गुप्त क्रमांक, कंपनीशिवाय कुणाकडे असेल का?’ तो आकडा प्रत्येक विंडोज कम्प्युटरवर तोच असतो. शेजारच्या दुकानातल्या मशीनवर तीच कमांड टाका, लगेच खात्री पटेल.

मग एनीडेस्क, टीमव्ह्यूअर किंवा अल्ट्राव्ह्यूअर असं लांबून कम्प्युटर चालवू देणारं अ‍ॅप उतरवायला सांगून त्यातला क्रमांक मागतात. ही अ‍ॅप्स स्वतः वाईट नाहीत, खरे दुरुस्तीवालेही रोज तीच वापरतात. घात होतो तो ‘परवानगी द्या’ दाबल्यावर. समोरच्याला तुमचा पडदा काळा करून त्याआड काम करता येतं. ‘स्कॅन चालू आहे, हात लावू नका’ असं सांगून काळा पडदा दाखवला, तर मागे ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड उघडले जात असतात. त्याच वेळी ‘रजिस्ट्रेशनचे फक्त १० रुपये भरा’ म्हणून खोट्या पानावर कार्डाचा तपशील किंवा यूपीआय पिन टाकून घेतात. मोबाइलवरही असंच अ‍ॅप टाकायला लावलं असेल, तर ओटीपी त्यांना तुमच्याइतकाच स्पष्ट दिसतो. रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल बँकांना फेब्रुवारी २०१९ मध्येच सावध केलं होतं.

लक्षात आल्यावर आधी इंटरनेट तोडा. लॅनची वायर उपसा, राउटर किंवा हॉटस्पॉट बंद करा. माउस आपोआप फिरताना दिसला की लोक त्याच्याशी झटापट करत बसतात आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. डिजिटल सहीचं टोकन लावलेलं असेल तर ते काढून खिशात घाला. मग दुसऱ्या माणसाच्या फोनवरून, डेबिट कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला १९३० लावायला बसवा. बँक आणि १९३० यांत आधी कोण, यावर वाद घालू नका. दोन फोन असतील तर दोन्ही एकदम.

आता सेवेबद्दल. ही व्यवस्था केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची. ती २०२१ मध्ये १५५२६० या नंबरवर सुरू झाली, पुढे नंबर १९३० झाला. तक्रार नोंदली की ज्या बँकेतून पैसे गेले आणि ज्या बँकेत पोचले, दोन्हींकडे एकाच वेळी तिकीट, म्हणजे त्या तक्रारीची नोंद, जातं. पैसे त्या खात्यात अजून असतील तर तिथेच अडवले जातात, पुढच्या बँकेत गेले असतील तर तिकीटही पुढे सरकतं. हे सगळं एकाच साखळीत होतं, हेच या सेवेचं मोठं बळ. तक्रारदाराने आधी आपल्या शाखेत अर्ज द्यायचा, शाखेने मुख्यालयाला कळवायचं, त्यांनी दुसऱ्या बँकेला, अशा वाटेने गेलं तर तोवर पैसे चार-पाच खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात. म्हणून ‘उद्या शाखेत जाऊन बघू’ हा विचार सर्वात महागात पडतो, त्यातही शनिवारी संध्याकाळी.

फोन लावण्याआधी हे कागदावर लिहून घ्या: खातेदाराचं नाव आणि मोबाइल नंबर, बँकेचं नाव, खाते किंवा कार्डाचा क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची रक्कम आणि वेळ, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो आणि तो बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा अ‍ॅपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. तो नसेल तर तिकीट लंगडं पडतं. चार व्यवहार झाले असतील तर चारही क्रमांक द्या, सगळ्यांची बेरीज सांगून भागत नाही. १९३० वर कुणीही तुमचा पिन किंवा ओटीपी मागत नाही. मागितला, तर तुम्ही चुकीच्या माणसाशी बोलताय. ‘सायबर पोलीस, पैसे परत मिळवून देतो’ म्हणून आपणहून येणारा फोन हीसुद्धा त्याच टोळीची दुसरी फेरी असू शकते.

नोंद झाली की एसएमएसवर पोचक्रमांक येतो. त्यानंतर २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. फॉर्मला अडीचच गुण का, ते इथे कळतं. घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि विशेष चिन्हं चालत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर जसाच्या तसा चिकटवला की फॉर्म अडतो, आणि का अडला ते गावाकडच्या माणसाला उमगत नाही. साध्या वाक्यांत, चिन्हं न घालता लिहा: किती वाजता, कोणत्या नंबरवरून किंवा नंबरवर, कोणतं अ‍ॅप, किती रक्कम. पोलीस ठाणं निवडतानाही गल्लत होते. छत्रपती संभाजीनगरमध्ये शहर पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीण अधीक्षक कार्यालय वेगळं. वाळूज एमआयडीसी शहराकडे येते, पैठण ग्रामीणकडे. चुकीचं ठाणं निवडलं तर तक्रार वर्ग होण्यात दिवस जातात.

पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. हे तक्रारदाराला स्पष्ट सांगितलं जात नाही, ही या सेवेतली मोठी उणीव आहे. रक्कम मोठी असेल तर पोर्टलच्या तक्रारीची प्रत, बँकेचं स्टेटमेंट आणि ओळखपत्र घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतः जा. अडवलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी सहसा न्यायालयाचा आदेश लागतो, म्हणून ‘किती रक्कम, कोणत्या बँकेत अडवली’ हे तपास अधिकाऱ्याकडून विचारून घ्या.

याच साखळीचा दुसरा दोष निर्दोष व्यापाऱ्यांना भोगावा लागतो. चोरीचे पैसे फिरत फिरत एखाद्या किराणा किंवा मोबाइल दुकानाच्या क्यूआरवर आले, तर त्या दुकानदाराच्या खात्यावरही रोक लागू शकते. रोक फक्त वादातल्या रकमेपुरती ठेवा, असा लेखी अर्ज बिलाच्या प्रतीसह बँकेला द्यावा आणि तक्रार क्रमांक विचारून संबंधित पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करावा. तोंडी विनवण्या करून काही हलत नाही.

बँकेच्या जबाबदारीबद्दल रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक उपयोगाचं आहे. तुमची चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. सपोर्टवाल्याच्या प्रकारात बँक बहुधा म्हणते की ओटीपी तुम्हीच दिला, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा. तरीही एक मुद्दा तुमच्या बाजूचा राहतो: तुम्ही बँकेला कळवल्यानंतर जे जातं ते बँकेने सोसायचं. म्हणून कळवल्याची वेळ सिद्ध करता आली पाहिजे. फोन झाला तरी लगेच ईमेल टाका, तक्रार क्रमांक लिहून घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

राहिला तो उघडा कम्प्युटर, ज्याबद्दल १९३० काहीच करत नाही. अ‍ॅप काढून टाकण्याची घाई करू नका, आधी पुरावा जपा. विंडोजच्या प्रोग्रामडेटामधल्या एनीडेस्क फोल्डरात ‘कनेक्शन ट्रेस’ नावाची मजकुराची फाइल असते. अ‍ॅप इन्स्टॉल न करता नुसतं चालवलं असेल तर ती अ‍ॅपडेटात सापडते. कोणत्या क्रमांकावरून, किती वाजता कुणी आत आलं, ते तिच्यात नोंदलेलं असतं. ती पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह पोलिसांसाठी बाजूला ठेवा. मग अ‍ॅप काढा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, कारण इन्स्टॉल केलेलं एनीडेस्क विंडोजबरोबर आपोआप सुरू होतं आणि चोराने कायमच्या प्रवेशाचा पासवर्ड लावून ठेवला असेल तर रात्री तुम्ही घरी गेल्यावर तो परत येतो. टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप आणि सर्व्हिसेसची यादीही तपासा. स्क्रीनकनेक्टसारखं लांबून मशीन चालवण्याचं दुसरं साधन शांतपणे मागे टाकून जाण्याची पद्धत आहे. नवीन यूजर खातं तयार केलेलं दिसतं का, तेही पाहा. ज्या मशीनवरून सेवा केंद्राचं पोर्टल आणि वॉलेट चालतं, तिथे आमचा सल्ला एकच: डेटा काढून घेऊन विंडोज नव्याने टाका. सगळे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून. त्याच मशीनवरून बदललात तर नवे पासवर्डही त्यांच्या हाती जातील.

पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर १९३० अडवून ठेवू नका. त्यासाठी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरचं ‘चक्षू’ आहे, मार्च २०२४ मध्ये सुरू झालेलं. चक्षूवर कळवल्याने तुमच्या तक्रारीचा तपास होत नाही, तो नंबर बंद करण्याच्या प्रक्रियेत जातो, एवढी अपेक्षा ठेवून वापरा. सायबर पोर्टलवरच संशयित नंबर किंवा यूपीआय आयडी शोधण्याची सोय आहे. तिथे नंबर सापडला नाही म्हणून तो चांगला, असं समजू नका.

लांबून खरी मदत घ्यायचीच असेल, तर नंबर यंत्राच्या खोक्यावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा हाताने टाइप केलेल्या कंपनीच्या पत्त्यावरूनच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ओळखीच्या दुरुस्तीवाल्यासाठी विंडोजमधलंच ‘क्विक असिस्ट’ आम्हाला बरं वाटतं: कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबलं की उघडतं, कोड मदत करणारा देतो, तो १० मिनिटांत बाद होतो आणि प्रत्येक वेळी परवानगी नव्याने द्यावी लागते. चोर तेही वापरतात, त्यामुळे फोन तुम्ही लावलेला असावा आणि नंबर तुमच्या वहीतला असावा. काम चालू असताना पडदा काळा झाला, तर कारण विचारत बसू नका, वायर काढा.