कॅपेसिटाबिन: घरी घेतलेल्या केमोथेरपीचा सहा महिन्यांचा अनुभव

मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर जूनच्या पहिल्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत मी कॅपेसिटाबिनच्या आठ सायकली घेतल्या. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि नंतर सात दिवस विश्रांती, अशी एकवीस दिवसांची एक सायकल असते. सुई नाही, सलाइन नाही, दवाखान्यात दिवसभर पडून राहणे नाही. त्यामुळे इंदूरमधल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांनी ‘गोळ्याच तर आहेत’ असे म्हणून मला धीर दिला आणि मीही ते खरे मानले. प्रत्यक्षात ही गोळी शरीरात गेल्यावर तिचे फ्लुरोयुरॅसिल बनते, म्हणजे शिरेतून देतात तेच केमोचे औषध. दवाखान्यात परिचारिका जे लक्ष ठेवते ते घरी आपल्यालाच ठेवावे लागते, आणि गोळी वेळेवर घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती वेळेवर थांबवणेही महत्त्वाचे आहे. हे मला सांगितलेले होते, पण समजले ते दुसऱ्या सायकलीत.

डोस उंची आणि वजन यांवरून ठरतो. माझा एका वेळचा डोस 1800 मिलिग्रॅमचा होता, म्हणजे 500 च्या तीन आणि 150 च्या दोन गोळ्या. दोन्ही गोळ्या जवळजवळ सारख्याच दिसतात, आणि पाचाच्या पाच 500 च्या गेल्या तर डोस 2500 वर जातो. म्हणून यजमानांनी दोन्ही पाकिटांवर जाड स्केचपेनने ‘तीन’ आणि ‘दोन’ असे आकडे लिहून ठेवले. जेवण किंवा नाश्ता झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत साध्या पाण्याबरोबर गोळ्या घ्यायच्या; त्या फोडायच्या नाहीत आणि कुटायच्याही नाहीत. आमच्याकडे सकाळी आठला पोहे होतात, त्यामुळे वेळ आपोआप पाळली गेली. डोस चुकला किंवा गोळी उलटून पडली, तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. आमच्या सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. तिने या गोळ्यांना हात लावायचा नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवशीच केला. गोळ्या काढून देताना यजमान हातमोजे घालत, आणि संडास वापरल्यावर मी झाकण बंद करून दोनदा पाणी सोडत असे.

आता दुसऱ्या सायकलीबद्दल. नवव्या दिवशी मला जुलाब सुरू झाले. घरात उशिराचे आंबे आलेले होते, तेव्हा सगळ्यांनी आमरसाला दोष दिला आणि मी गोळ्या चालू ठेवल्या. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलेले होते की नेहमीपेक्षा दिवसात चार वेळा जास्त जावे लागले किंवा रात्री झोपेतून उठून जावे लागले, तर गोळी तिथेच थांबवून फोन करायचा. मला त्या रात्री तीनदा उठावे लागले, तरीही ‘एवढ्यासाठी औषध कशाला सोडायचे, कर्करोग परत आला तर?’ या भीतीने मी सकाळच्या पाचही गोळ्या घेतल्या. दुपारी बाथरूमच्या दारात मला चक्कर आली आणि दोन दिवस सलाइनवर काढावे लागले. तिथे औषधांची झडती घेतली, तेव्हा घराजवळच्या एका दुकानदाराने अशक्तपणावर दिलेली व्हिटॅमिनची कॅप्सूल निघाली. तिच्यात फॉलिक ॲसिड होते. फॉलिक ॲसिडमुळे कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो. माझे जुलाब त्यामुळेच वाढले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ज्या गोळीला मी औषधच समजत नव्हते ती डॉक्टरांना दाखवायला हवी होती, एवढे नक्की. मधल्या न घेतलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात, हेही मला तिथेच कळले.

तळहात आणि तळपाय यांचा त्रास हळूहळू आला. आधी झिणझिण्या, मग लाली, मग चपलेचा पट्टा लागतो तिथे जळजळ. मी 10 टक्के युरियाचे मलम दिवसातून दोनदा लावत होते, सुती मोजे घालत होते आणि अंघोळीचे पाणी कोमट ठेवत होते. तरीही पाचव्या सायकलीत गणपती आले आणि इतक्या वर्षांची सवय सोडवली नाही. मी गरम उकड मळली आणि एकवीस मोदकांच्या पाऱ्या स्वतः केल्या. उष्णता आणि घर्षण याच दोन गोष्टी टाळायच्या असतात, आणि उकडीत त्या दोन्ही आहेत. रात्रीपर्यंत बोटांची पेरे सुजून चकाकू लागली, आणि दुसऱ्या दिवशी ताटातली वाटी उचलता येईना. या वेळी मात्र मी लगेच फोन केला. गोळ्या सहा दिवस बंद राहिल्या आणि पुढचा डोस तीन चतुर्थांश झाला. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकचे 1 टक्क्याचे जेलही लिहून दिले. दिल्लीच्या एम्समध्ये 264 रुग्णांवर झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हे जेल पहिल्यापासून लावणाऱ्यांमध्ये हा त्रास मध्यम किंवा तीव्र होण्याचे प्रमाण 3.8 टक्के होते, तर साधे जेल लावणाऱ्यांमध्ये 15 टक्के. पहिल्या सायकलीतच याबद्दल विचारायला हवे होते, असे मला आजही वाटते.

केस फारसे गेले नाहीत. तोंड आले तेव्हा पोह्यांवरचे जीरावण आणि शेव दोन्ही बंद केली. थकवा मात्र शेवटपर्यंत राहिला.

ज्यांना हे औषध सुरू होणार आहे त्यांनी काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर डोस कमी करावा लागतो, किंवा हे औषध देताच येत नाही. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन किंवा फिटचे फेनिटॉइन चालू असेल, तर त्यांचा परिणाम या गोळ्यांमुळे धोकादायकरीत्या वाढू शकतो. काही थोड्या लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारे डीपीडी नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते आणि त्यांना पहिल्याच सायकलीत जिवावर बेतू शकते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2020 पासून आधी ही तपासणी करण्याची शिफारस केली आहे. ती माझ्या वेळी झाली नाही, कारण मी विचारलेच नाही. छातीत दुखले किंवा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट पाहू नये.

नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी मी बँकेत गेले, तेव्हा यंत्राने माझा अंगठा ओळखला नाही. दहाही बोटे लावून पाहिली. कातडी सोलून निघाल्यामुळे बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. या औषधाचा हाही एक परिणाम आहे. काउंटरवरच्या मुलीला तो ठाऊक नव्हता आणि तिने मला तासभर बसवून ठेवले. शेवटी मुलाने घरी मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढून दिला. आता गोळ्या बंद होऊन तीन महिने झाले आहेत आणि उजव्या अंगठ्यावर रेषा पुन्हा दिसू लागल्या आहेत.