जनरल तिकीट खिडकी, पुणे स्टेशन : ५ स्टार
परवा आईला घेऊन साताऱ्याला जायचं होतं, म्हटलं सकाळीच तिकीट काढून ठेवू, तर खिडकीवरच्या काकांनी पैसे घ्यायच्या आधीच विचारलं, "ताई, गाडी कितीची?" संध्याकाळची म्हटल्यावर म्हणाले, आत्ता नका काढू, १९९ किमीपर्यंतचं जनरल तिकीट ३ तास किंवा तिकडची पहिली गाडी सुटेपर्यंतच चालतं, यातलं जे उशिराचं असेल ते. मागे रांग खोळंबलेली, तरी शांतपणे सांगितलं! माझा भाऊ असंच बाद झालेलं तिकीट घेऊन बसला होता, विनातिकीट धरलं, भाडं आणि वर २५० रुपये दंड, कमीत कमी तेवढा लागतोच. खरंच थँक्यू काका, संध्याकाळी परत तुमच्याच खिडकीवर आले.