मेट्रो ३ : गिरगाव ते सीप्झ, एका कॉस्टिंगवालीचा हिशेब

मी मुंबईत अंधेरीच्या सीप्झमधल्या, म्हणजे निर्यात-उद्योगांच्या वसाहतीतल्या, एका दागिन्यांच्या युनिटमध्ये कॉस्टिंग (मालाला पडणाऱ्या खर्चाचा हिशेब) बघते, राहायला गिरगावात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून माझं जाणंयेणं तिनेच होतं. गाडी थंड आहे, स्वच्छ आहे, फलाटाला काचेची दारं आहेत, हे लोकांनी लिहून झालंय. मला पैशाबद्दल लिहायचंय. ३३.५ किलोमीटरसाठी ३७ हजार कोटींच्या वर खर्च, म्हणजे किलोमीटरमागे अकराशे कोटी. एवढं मोल आहे का या गाडीचं, असं ऑफिसात जो तो विचारतो आणि लगेच तिकिटांची बेरीज करायला लागतो.

तिकीट १० ते ७० रुपये. पण ती मेट्रोची कमाई. शहराची कमाई प्रवाशाच्या वहीत जमा होते : वाचलेला वेळ, रिक्षाचं वाचलेलं भाडं, न जळलेलं पेट्रोल, टळलेले अपघात. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही मंजुरीसाठी समाजाला मिळणाऱ्या परताव्याचाच निकष आहे, निदान १४ टक्के.

माझ्या वहीत काय जमा झालं? पूर्वी चर्नी रोडहून स्लो लोकल, अंधेरीला उतरून पूल, मग बस नाहीतर शेअर रिक्षा. आता गिरगावला बसले की सीप्झला उतरते, गाडीत पाऊण तासाच्या आसपास. भुयारातून वर यायला सरकते जिने चढत जावं लागतं, तो वेळही धरायलाच हवा. चालण्याचा आणि ताटकळण्याचा वेळ गाडीत बसलेल्या वेळेपेक्षा महाग धरतात, तज्ज्ञांचीही तीच रीत आहे. पण सगळ्यात मोठी बचत सरासरी मिनिटांत दिसतच नाही. रिक्षा मिळेल की नाही, साकीनाक्याकडचं ट्रॅफिक किती असेल, म्हणून मी रोज अर्धा तास आधी निघायची. तो अर्धा तास मी कुणालाच देत नव्हते, नुसता वाया जात होता. आता तो सकाळी लेकीच्या अभ्यासाला मिळतो. माझ्या मते या मेट्रोचं खरं मोल या खात्रीत आहे.

वेळेला भाव लावायचा कसा, इथे मात्र माझं प्रचलित हिशेबाशी जमत नाही. वेळेची किंमत बहुतेकदा पगारावरून काढतात. म्हणजे आमच्या पॉलिशिंगमधल्या मुलाचा तास माझ्या तासापेक्षा स्वस्त! प्रत्यक्षात उशीर झाला तर त्याचा अर्धा दिवस कापला जातो, माझा नाही. काही देशांत कामाव्यतिरिक्तच्या प्रवासाला सगळ्यांसाठी एकच सरासरी दर लावतात, ते मला जास्त न्याय्य वाटतं. तो मुलगा अजून लोकलनेच येतो. लोकलचा महिन्याचा सेकंड क्लास पास मेट्रोच्या दोन-चार दिवसांच्या भाड्यात निघतो, मग त्याने काय करावं?

आणि माझी मावशी. गुडघ्यांमुळे रेल्वेचे पूल चढणं तिने केव्हाच सोडलं होतं. आता लिफ्टने खाली उतरते आणि शितलादेवी स्टेशनला उतरून माहीमला देवीच्या दर्शनाला जाऊन येते. आधी होतच नसलेल्या अशा फेऱ्यांना हिशेबात जुन्या प्रवाशाच्या बचतीच्या निम्मीच बचत धरतात. कारण असं की नव्या प्रवाशांत काहींना फायदा जेमतेमच असतो. सरासरीला ते ठीक असेल. परत आल्यावर ओटीचा नारळ फोडून शेजारीपाजारी खोबरं वाटणाऱ्या मावशीला मी निम्मं धरणार नाही.

एक गोष्ट मात्र दोनदा मोजू नका. ‘मेट्रोमुळे गिरगावात जागांचे भाव वाढले, तोही फायदाच’ असं दलाल सांगतात. तो भाव म्हणजे आमचीच वाचलेली मिनिटं, फ्लॅटच्या किमतीत उतरलेली. भाड्याने राहणाऱ्याचा करार नवा होताना घरमालक भाडं वाढवतो आणि ती मिनिटं त्याच्या खिशात जातात.

खर्चाची बाजूही पुरती लिहिली पाहिजे. गिरगाव-काळबादेवीत या स्टेशनांसाठी जुन्या चाळींतली कुटुंबं हलली, दुकानांची बसलेली गिऱ्हाइकं तुटली. आरेच्या जंगलात २०१९ मध्ये मेट्रोच्या गाड्या ठेवायच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं गेली. कर्ज जायका या जपानच्या सरकारी संस्थेचं आहे, ते फिटेल. पण हललेली माणसं आणि गेलेली झाडं या दोन नोंदी रुपयांत बसत नाहीत, म्हणून त्या गाळून चालणार नाही.

पाचपैकी चार तारे. पाचवा देईन, पण पॉलिशिंगमधल्या मुलाला परवडेल असा महिन्याचा पास निघाला की. विमानतळाला जाणाऱ्यांनी मात्र टॅक्सी करण्याआधी एकदा ही गाडी बघावी, टी १ आणि टी २ ही दोन्ही टर्मिनल हिच्यावरच आहेत. टी २ ला सामान घेऊन वर यायला थोडा वेळ हाताशी ठेवा.